क्विलॉकियन जिव्हाळा

मावशीला एका मोठ्या शाळेच्या वसतिगृहात मेट्रनची जागा हवी होती आणि अर्जाची मुदत उद्या संपत होती. शिफारसपत्र तिने जुन्या वसतिगृहात आपल्याच हाताखाली वाढलेल्या एका मुलीकडून आणलं होतं. ती मुलगी आता मुख्याध्यापिका आहे. पत्र इंग्रजीत, सगळं गोड गोड. एका शब्दापाशी मात्र मावशी अडली आणि थेट माझ्या ग्रंथालयात आली.

"'क्विलॉकियन जिव्हाळा' म्हणजे गं काय? व्हिक्टोरियनसारखं काहीतरी असणार. मागे 'यन' लागलं की माणूस थोरच!"

शब्द कोशात नव्हता. असलं काही दिसलं की मला राहवत नाही. हातातली कामं राहिली बाजूला. इंग्रजीत एखादा खलनायक गाजला की त्याच्या नावाला शेपूट लावून विशेषण करतात. आपण आपले 'राक्षस मेला' म्हणून गप्प बसतो.

तासाभराने खालच्या फळीवर एक जुनी कादंबरी सापडली. तिच्यातली मिसेस क्विलॉक वसतिगृहाची मेट्रन. मुलांना जवळ घेते, पांघरूण घालते आणि त्यांची घरून आलेली पत्रं परस्पर चुलीत घालते. का, तर त्यांच्याच भल्यासाठी.

मावशीला हे सांगायची माझी छाती होईना. शेवटी मान वर न करता ते पानच मराठीत वाचून दाखवलं. वाटलं, आता आग पाखडणार.

"जाळायची?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मी नाही जाळलं. एकच पत्र होतं, ही शिफारस लिहिणारीच्या वडिलांचं. आजारी आहे, भेटून जा, एवढंच. परीक्षा चालू होती. म्हटलं, पेपर होऊ देत, मग देईन. पोर पहिली येणारी होती गं."

"मग?"

"शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी ते गेले. नंतर कुठल्या तोंडाने देणार?"

मला तिचा संताप आला आणि कीवही आली. तिने शिफारसपत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"म्हणजे तिला ठाऊक आहे. तरी बाकी सगळं चांगलंच लिहिलंय बघ."

"जोडणार अर्जाला?"

"अर्जच नको आता." ती उठली, पुन्हा बसली. "ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे. उद्या नेऊन देते. तू येशील का बरोबर? तिच्या दाराची बेल एकटीने वाजवायची हिंमत नाही मला."