बॉनेटवरचा तळवा

पॉलिशचं मशीन हातातून निसटलं नाही, एवढंच नशीब. बाकी सगळा पांढरा चिखल भिंतीवर, विनिताच्या गाऊनवर आणि समोर स्टुलावर बसलेल्या गौरेशच्या नाकाडोळ्यांवर उडाला होता. भंगारातून शिकायला आणलेलं जुनं बॉनेट मात्र कोरडं ठणठणीत.

गौरेशने डाव्या हाताने तोंड पुसलं. मग तोंडाची चांगली बाजू हलली आणि तो हसला. ज्येष्ठात उजव्या अंगावरून वारं गेलं, त्यानंतर नवऱ्याला हसताना विनिता आज पहिल्यांदा बघत होती.

"आदी टेकय," तो एकेक शब्द ओढून काढत म्हणाला. "मगे... बटण."

"हें आदी सांगूक जायना तुमका?"

"आदी... इचारलंस?"

आता याला काय बोलणार! नीट बोलता येत नव्हतं तरी खोड काही गेली नव्हती. विनिताने पदर नाही म्हणून ओढणीनेच त्याचे कान पुसले आणि मशीन पुन्हा उचललं.

धारगळच्या रस्त्यावर गौरेशचा गाड्या पॉलिश करायचा गाळा कुणाला विचारायची गरज नसे. मोप्याला विमानं उतरायला लागल्यापासून टॅक्सीवाल्यांची रीघच लागायची. गौरेशने हात फिरवलेल्या गाडीत बघून भांग पाडावा, असं ते म्हणत. तो माणूस आता शर्टाचं बटण लावायलाही बायकोची वाट बघत बसायचा. थोरला दीर सगुण येऊन सांगून गेला होता, "गाळो भाड्यान दी गे. मोबायलवालो एक इचारता." त्यात वाईट हेतू नव्हता. पण गौरेशने मान हलवली. "हात येतलो. तोपर्यंत... ही बघतली."

हात येतलो. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगे. डॉक्टरने दाराबाहेर बोलावून काय सांगितलं होतं ते एकट्या विनिताला माहीत होतं, आणि ते तिने जे गिळलं ते गिळलंच. हा माणूस सकाळी उठतो, पेज जेवतो, निर्जीव बोटांत रबरी चेंडू कोंबून घामाघूम होतो, तो त्या 'तोपर्यंत'च्या जिवावर. ते काढून घेतलं की मागे काय उरणार, याचा विचार तिला करवत नसे.

म्हणून ती शिकत होती. तोपर्यंत.

शिकणं काही सोपं नव्हतं. मशीन तिच्या हाताला ओढ्यातल्या म्हशीसारखं भलतीकडेच ओढायचं. शिवाय लाटंबार्शाच्या माहेरी तिचं सगळं लहानपण रगड्यावर वाटप वाटण्यात गेलेलं. फिरतं काही हातात आलं की हात आपोआप गोल गोल जायचा, वर जोर द्यायचा. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उठली, तेव्हा गौरेशने कपाळावर डावा हात मारला.

"वाटप न्हय. सारवण."

"कितें?"

"सारवतंस... तसो. पट्ट्यार पट्टो."

मग तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. जमीन सारवताना कुणी जोर देत नाही. हात सरळ न्यायचा, पुढचा पट्टा मागच्यावर थोडा चढवायचा, मधे कोरडं राहू द्यायचं नाही. माहेरच्या अंगणात तिने वर्षानुवर्षं हेच केलं होतं, मग इथे तिचं घोडं कुठे अडलं होतं? मशीनच्या वजनानेच काम होतं, हाताने ते फक्त न्यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा जुनं बॉनेट चमकलं.

राहिली ती उष्णता. हे मशीन एका जागी जरा जास्त रेंगाळलं की पत्रा तापतो आणि रंग जळतो. जळलेला रंग परत येत नाही, पुन्हा रंगवावंच लागतं. गौरेशला हे पूर्वी मनगटातूनच कळायचं. विनिताला कसं कळणार? त्यावर त्यानेच तोड काढली. स्टूल गाडीला चिकटवून बसायचं, डावा तळवा पत्र्यावर पसरायचा. पत्रा तापायला लागला की एका बोटाने टकटक करायचं. टकटक झाली की विनिता मशीन उचलून पुढे सरके.

अशी ती दोघं काम करू लागली. एका माणसाचे दोन हात, दुसऱ्याचा एक. टॅक्सीवाले येत, बघत, कुणी चहा पाठवत. गौरेश ताठ बसे. "माका... इचारता ती," असं गिऱ्हाइकांना सांगताना त्याच्या चेहऱ्यावर मालकी दिसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ दोघं एका जागी कधी बसली नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत विनिता सुखात होती, आणि त्या सुखाची तिला लाजही वाटायची.

चतुर्थी झाली. एक दिवस टकटक व्हायच्या आधीच तिचा हात उचलला गेला. मशीनचा सूर किंचित बदलला होता, मनगटात काहीतरी जड झालं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिला कळायला लागलं होतं.

तिने गौरेशकडे पाहिलं. त्याचं बोट टकटक करायला उचललेलं होतं, तसंच अधांतरी राहिलं. मग त्याने ते हळूच खाली ठेवलं.

त्यानंतर विनिता मुद्दाम थांबू लागली. पत्रा तापल्याचं कळलं तरी ती मशीन जरा हलकं धरी, पण उचलत नसे. त्याची टकटक ऐकली की मगच उचली. "बरें जालें सांगलात," असंही म्हणे. एवढं खोटं देवालाही चालत असेल, असं ती स्वतःला समजावी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाळ्यात उभं राहायला जागा नव्हती. उद्या पूजा, प्रत्येकाला गाडी चकाचक हवी. प्रशांत आपली काळी गाडी सकाळीच टाकून गेला होता. गौरेशचं हे जुनं गिऱ्हाईक. काळ्या रंगात एवढासा डागही लपत नाही, म्हणून ती तिने शेवटी घेतली. गौरेशने बॉनेटवर तळवा ठेवला.

पट्ट्यावर पट्टा जात होता. मधल्या भागाशी मशीनचा सूर बदलला. विनिताने जोर काढला आणि टकटकीची वाट पाहिली.

टकटक झाली नाही.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पत्र्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तळवा तिथेच होता, सपाट, बोटं पसरलेली. जबडा आवळलेला. पत्रा तापत चालला होता आणि तो हात काढत नव्हता.

तिने झटक्यात मशीन उचललं, बंद केलं. पाण्याचा फवारा मारला. रंग शाबूत होता.

"सांगलात ना कित्याक? हात भाजलो तुमचो!"

"तुका कळता," गौरेश म्हणाला.

तिने फवाऱ्याची बाटली खाली ठेवली.

"कदीपासना?"

"...चवथीपासना."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर तिने सोसलं असतं, दोन शब्द उलट बोलली असती. त्याने तळवा पत्र्यावरून काढला आणि मांडीवर, त्या निर्जीव उजव्या हातावर ठेवला.

"स्टूल भायर घाल. मधें येता."

"तुमी लागीं आसलात काय माका धीर..."

"विनिता," तो म्हणाला. "घाल."

तिने स्टूल दारापाशी नेलं, त्याला धरून नेऊन बसवलं. तो रस्त्याकडे तोंड करून बसला. ती परत आली आणि उरलेलं बॉनेट एकटीने केलं. एकदाही चुकली नाही. चुकली असती तर बरं झालं असतं, असं तिला पट्ट्यापट्ट्याला वाटत होतं. डोळ्यांतलं पाणी रंगावर पडू नये म्हणून ती दंडाने डोळे पुसत राहिली.

संध्याकाळी प्रशांत आला. गाडीभोवती फिरला, वाकून कडेने पाहिलं, बॉनेटमध्ये स्वतःच्या मिशा पाहिल्या आणि दारात येऊन गौरेशच्या खांद्यावर थाप मारली.

"गौरेशा, मानलां तुका. तो हात तसोच आसा हां तुजो."

गौरेशने वर पाहिलं. आजारपणानंतर त्याचे शब्द नेहमी अडखळत, अर्धे तोंडात राहत. पण आता तो बोलला ते अगदी स्वच्छ.

"हात तिचो."

प्रशांतने त्याच्या खांद्यावरचा हात काढला. त्याने विनिताला नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि गाडी घेऊन गेला.

विनिताने वायर गुंडाळली, मशीन पुसून फळीवर ठेवलं. शटर अर्धं ओढलं. रस्त्यावरून झेंडूची फुलं भरलेला टेम्पो गेला. गौरेशच्या मांडीवरचा रबरी चेंडू स्टुलाखाली पडला होता. त्याने तो मागितला नाही, आणि तिनेही उचलून दिला नाही.

"घरा जावया?" तिने विचारलं.

त्याने उठायला डावा हात पुढे केला. तळव्यावर लाल फोड टरारला होता. विनिताने त्याला मनगटाला धरून उठवलं.