पाचव्या माणसाचा दगड

आठवडाभर वाल्डी आयोल्फसन बाकावर बसून होता, आणि आठवडाभर तो बाकावर नव्हताच. देह तेवढा तिथं होता. पाठ भिंतीला, अंगात गव्याचं चित्र असलेलं, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताचं जाकीट, मांडीवर कॉफीचा थर्मास. मन मात्र समोरच्या लांब पांढऱ्या पट्टीवर. कुणीतरी दगड सोडायचा, दगडाची ती खोल, जात्यासारखी घरघर सुरू व्हायची, आणि वाल्डीचे डोळे अर्धे मिटायचे. मग दगड कुणाचाही असो, तो वाल्डीचाच असायचा. लोक मनात मांडे खातात. वाल्डी मनात दगड टाकायचा.

पाचवा माणूस होता तो. कर्लिंग म्हणजे बर्फाच्या पट्टीवरून जड दगड घसरवत पलीकडच्या वर्तुळात, म्हणजे 'घरात', न्यायचा आणि तो लांब जावा म्हणून वाटेतला बर्फ झाडूनं घासायचा. हे चौघांनी खेळायचं, पाचव्यानं बसायचं. कुणाचा गुडघा धरला, कुणाला ताप भरला, तर पाचव्याचं नशीब उघडतं, आणि दुसऱ्याच्या तापावर आपण डोळा ठेवून बसलोय याची त्याला लाजही वाटते. देशाच्या पुरुषांच्या स्पर्धेत प्रांताचा संघ जिंकला तर पाचव्याचंही नाव लागतं, गळ्यात पदकही पडतं. एखादा दगड टाकायला मिळेल, असं मात्र कुणी म्हणत नाही.

आणि वाल्डीला दगडच हवा होता. एकच. पदकाचं त्याला फारसं काही नव्हतं. हिवाळाभर विनिपेग सरोवराच्या गोठलेल्या पाण्याला भोकं पाडून मासे धरायचे आणि संध्याकाळी गावातल्या दोन पट्ट्यांच्या क्लबात दगड टाकायचे, असं त्याचं अख्खं आयुष्य गेलं. प्रांताची अंतिम फेरी तो तीनदा खेळला आणि तीनदा हरला. एकदा तर अगदी हातातोंडाशी आलेला घास गेला. मग गुडघे गेले. देशाच्या बर्फावर आपला हात कधी लागायचा नाही, हे त्यानं मान्यही करून टाकलं होतं. तेवढ्यात बहिणीचा मुलगा ग्लेन, तोच आता संघाचा कप्तान, घरी आला आणि म्हणाला, "मामा, पाचवा म्हणून चल."

"मामा म्हणून घेतला," गावात लोक म्हणाले. खरंच होतं ते. खोटं कशाला बोला?

त्याची बायको लाऊगा स्पर्धेच्या गावी, सास्काटूनला, सोबत आली, ती डबाभर आलुबुखाराचा थरांचा केक घेऊन. निघतानाच तिनं बजावलं होतं, "हे बघ वाल्डी, एकही दगड न टाकता पदक घेऊन आलास ना, तर मी ते मांजराच्या गळ्यात बांधीन."

"बांध," वाल्डी म्हणाला. "मांजर तरी उंदीर मारतं."

आता या पाचवेपणात एक मोठी मेख होती. चुरशीच्या खेळात कप्तान म्हाताऱ्या मामाला कशाला उतरवेल? खेळ पक्का हातात आला, आघाडी भरभक्कम झाली, की मगच. पण आघाडी भरभक्कम झाली की समोरचा कप्तान हातमोजा काढतो, येतो आणि हात पुढे करतो. संपला खेळ. हरलेला खेळ ओढत बसणं म्हणजे समोरच्याचा अपमान. तसं कुणी केलं तर याला आईबापांनी काही शिकवलं की नाही, असं लोक विचारतात. म्हणजे बघा, वाल्डीनं उतरावं इतका खेळ सोपा झाला की खेळच शिल्लक राहायचा नाही. त्या आठवड्यात दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा ग्लेननं खूण केली, वाल्डीनं घाईघाईनं घसरायचा बूट चढवला, आणि नाडी बांधून मान वर करतो तो पट्टीवर सगळे एकमेकांचे हात हलवताहेत.

"बूट चढवायची आणि काढायची स्पर्धा असती ना मामा," ग्लेन दुसऱ्या वेळी म्हणाला, "तर तू देशात पहिला आला असतास." हसत म्हणाला, पण त्यालाही वाईट वाटलं होतं.

अंतिम फेरीच्या आदल्या संध्याकाळी बिअरच्या मोठ्या मांडवात अल्बर्टा प्रांताचा कप्तान डार्सी रेम्पेल त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गाठ त्याच्याशीच होती. डार्सी म्हणजे तोंडाळ गडी. दोन वर्षं ओळीनं अंतिम फेरी हरलेला, आणि हरला की याचं डोकं फिरतं अशी ख्याती. याच आठवड्यात एक खेळ गेला तेव्हा त्यानं आपला झाडू गुडघ्यावर मोडला होता, साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं.

"काय काका," तो वाल्डीला म्हणाला, "बाकाला मुळं फुटली का? पाणी घालू थोडं?"

"घाल की. पण बिअरचं घाल."

टेबल हसलं. डार्सीनं खरोखरच एक पेला मागवला आणि खुर्ची ओढून बसला. "खरं सांगा, टाकला का एखादा तरी?"

"टाकतो रोज." वाल्डीनं कपाळावर बोट टेकवलं. "इथं."

"कसा जातो?"

"तुझ्यापेक्षा बरा."

"उद्या बघू," डार्सी म्हणाला. हसला, पण हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "उद्या हरलो ना काका, तर हा झाडू घेऊन बापाचं अंगण झाडत बसेन. तिसऱ्यांदा हरलेलं तोंड कुणाला दाखवू?"

तीनदा हरलेलं तोंड घेऊन वाल्डी समोरच बसला होता.

दुसऱ्या दिवशी डार्सीचं काही म्हणता काही जमेना. वाल्डीला तो सगळा खेळ पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसला. वरचे दिवे बर्फात उतरलेले, झाडूंची सळसळ, कुणाची तरी लांबून हाक, "झाडा रे! झाडा!", आणि दगडावर दगड आपटल्याचा तो भरीव आवाज, जो छातीत आधी लागतो आणि कानात मग. एकदा तर त्याला वाटलं, आपण सरोवरावरच आहोत, पहाट आहे, खाली काळं पाणी झोपलंय आणि बर्फ स्वतःशीच कण्हतोय. आठव्या डावात ग्लेनचा शेवटचा दगड घरात शिरला, डार्सीचा दगड त्यानं अलगद बाहेर काढला, आणि त्या एका डावात मॅनिटोबाला चार गुण मिळाले. एकूण दहा विरुद्ध चार. उरले दोनच डाव. लोक उभे राहिले ते बसेचनात.

"मामा!" ग्लेन ओरडला. "बूट!"

"अरे कशाला? तो हात द्यायला येतोच आहे."

"घाल म्हणतो ना!"

कोडी नावाचा पोरगा पहिले दगड टाकायचा. त्यानं आपण होऊन आपला झाडू वाल्डीच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसला. वाल्डीनं बूट चढवला. नाडी बांधली. त्यानं मान वर केली नाही, कारण वर पाहिल्यावर काय दिसणार ते त्याला पाठ होतं. शेवटी पाहावंच लागलं. डार्सी रेम्पेलच्या उजव्या हातात मोजा नव्हता.

फार वाईट वाटलं त्याला. चौसष्टाव्या वर्षी, लहान पोराला वाटावं तसं. पण डार्सीचा राग नाही आला. डार्सीच्या जागी तो असता तर त्यानंही मोजा काढला असता, चार पावलं आधीच काढला असता. रीत ती रीत. वाल्डी बर्फावर उतरला, त्याच्याजवळ गेला आणि आपणच हात पुढे केला.

"दे बाबा हात. चांगला खेळलास."

डार्सीनं त्या हाताकडं पाहिलं. मग वाल्डीच्या पायांकडं. मग बाकावर बसलेल्या कोडीकडं. लाल झाला होता त्याचा चेहरा, ओठ घट्ट मिटलेले. इथून सुटावं, कुठंतरी दार लावून बसावं, यापलीकडं त्याला काही नको होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"पहिला दगड कुणाचा, काका?" त्यानं विचारलं.

"आमचा." वाल्डी अडखळला. "म्हणजे, माझा."

डार्सीनं मोजा काखेत दाबला. "मग टाका की. मी अजून हरलेलो नाही."

त्याचा जोडीदार धावत आला. "डार्सी, अरे काय करतोयस? सगळा देश बघतोय!"

"बघू दे."

वरून कुणीतरी ओरडलं, "रेम्पेल, पुरे झालं! लाज बाळग!" मग शिट्ट्या सुरू झाल्या, हुर्यो झाली, पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तर मान फिरवली. डार्सी खाली मान घालून पट्टीच्या कडेला उभा राहिला. त्या तोंडाळ माणसाला एवढं गप्प कुणी कधी पाहिलं नव्हतं.

पार पलीकडच्या टोकाला ग्लेन घराच्या मधोमध झाडू रोवून उभा होता. इतक्या लांबून तो लहान दिसत होता, सात-आठ वर्षांचा असावा तेवढा. वाल्डीनं पायामागचा, रेटा द्यायचा रबराचा ठोकळा चाचपला. दगड उलटा करून तळव्यानं पुसला. गुडघा म्हणाला नको. वाल्डी म्हणाला गप्प बस. खाली बसला, दगड किंचित मागं घेतला, आणि सुटला.

शिट्ट्या कुठं गेल्या कोण जाणे. बर्फ त्याच्याखालून सरकत होता, का तो बर्फावरून, ते त्याला सांगता आलं नसतं. हातातला दगड थंड नव्हता, कोमट होता, जिवंत होता. दगड सोडायच्या रेघेच्या अलीकडं बोटं आपोआप उघडली, दगडाची मूठ हलकेच फिरली आणि दगड गेला. वाल्डी तसाच पुढं घसरत राहिला, मग पोटावर आडवा झाला आणि थांबला. हनुवटी जवळजवळ बर्फाला टेकलेली.

तिथून त्याला दगड दिसत होता, आणि ती घरघर त्याच्या फासळ्यांतून येत होती. संघातली दोन पोरं झाडू घेऊन दगडाच्या दोन्ही अंगांनी चालत होती, नवजात वासराबरोबर चालावं तशी. ग्लेननं हात वर केला. "राहू दे," तो म्हणाला. ओरडला नाही, नुसता म्हणाला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल, कारण साऱ्या रिंकमध्ये आता चिडीचूप झालं होतं. त्या माणसांना उशिरा का होईना, कळलं होतं. वरच्या रांगेत लाऊगा तोंडावर दोन्ही हात धरून उभी होती. वाल्डीला ती दिसली नाही. त्याला लांब पसरलेलं पांढरं सरोवर दिसत होतं, ज्याला पलीकडचा काठ नाही, आणि त्यावरून आपला आपण चाललेला एक दगड. बाप आठवला त्याला, ज्याचा कुठलाच दगड गावाबाहेर कधी पडला नाही. आपण रडतोय हेही त्याला कळत होतं, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही.

कडेनं हळूहळू पावलं आली. कुणीतरी त्याच्याशेजारी गुडघे टेकले. डार्सी होता. त्याचा उघडा हात मांडीवर होता, आणि तो दगडाकडं नाही, वाल्डीकडं बघत होता.

"काका," त्यानं अगदी हळू विचारलं, "आता देऊ का हात?"

वाल्डीनं मान वळवली नाही.

"थांब रे पोरा," तो म्हणाला. "अजून चाललाय."

डार्सी रेम्पेल बर्फावर मांडी घालून बसला, आणि दोघं बघत राहिले.