शारदम्मांच्या जुळ्यांचा तुलाभार

शेजारच्या शारदम्मांना अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच जुळं झालं. मुलगा अनंता भरला पावणेदोन किलो. ती चिठ्ठी अजून त्यांच्या देवघरात चांदीच्या डबीत आहे. मुलगी वनजा त्याच्याहूनही बारकी होती म्हणतात, पण तिची चिठ्ठी कुणी केलीच नाही. काटा एकच होता आणि सगळे त्याच्याभोवती अनंताला बघत उभे होते.

शारदम्मांनी त्याच दिवशी गल्लीच्या टोकाच्या गोपालकृष्णाला बोलून टाकलं, "देवा, जगू दे. दर वाढदिवसाला तुलाभार करीन, भारोभार गूळ वाहीन, आणि एकाही वर्षी आदल्या वर्षाहून कमी वाहणार नाही."

मी स्वतः रोजचे नेम पाळते, एकादशी कधी मोडली नाही. नवसाला नावं ठेवणारी मी नव्हे. पण हा नवस देवळातून निघाला तो थेट स्वयंपाकघरात शिरला. वाढदिवसाच्या दोन महिने आधीपासून अनंताच्या भातावरचं तूप दुप्पट व्हायचं. केळ्याचा हलवा, काजूची खीर, रात्री झोपताना बदामाचं दूध. वाढदिवशी देवळातल्या मोठ्या तराजूच्या पारड्यात अनंता बसला की सगळी गल्ली अंदाज करायची. गेल्या वर्षी चौऱ्याण्णव भरला, तेव्हा शारदम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. अनंताच्या कपाळावर घाम होता, तो उन्हाचा धरला गेला. लग्न झालं नाही त्याचं. मुली सांगून आल्या, पण शारदम्मांना एकीच्याही हातचं तूप पुरेसं वाटेना.

वनजाचं झालं होतं. नवरा गेल्यावर ती परत आली आणि चुलीपाशी उभी राहिली ती राहिलीच. डोकं दुखतं म्हणाली की शारदम्मा म्हणायच्या, "मुलीचा जीव चिवट असतो गं. पोटातसुद्धा भावाच्या वाट्याचं हिनंच खाल्लं." वनजा सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि पुढचा डोसा घालायची.

यंदा अनंताला देवळाच्या पायऱ्या चढताना धाप लागली, पाय सुजले. सगळे दवाखान्यात गेलो. डॉक्टर मालती किणींनी तपासण्यांचे कागद पाहिले.

"रक्तदाब चढून हृदयाची भिंत जाड झालीय. लघवीतून प्रथिनं जातायत. जन्मताना वजन किती होतं?"

शारदम्मांनी पिशवीतून चांदीची डबीच काढली.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. "अम्मा, एवढ्याशा बाळाच्या मूत्रपिंडात मुळात गाळण्याच कमी असतात. त्या कमी गाळण्यांवर तुम्ही आयुष्यभर पंगतीचं जेवण गाळायला दिलंत. निदान दहा किलो उतरवा. तूप बंद, मीठ कमी."

"दहा किलो! म्हणजे देवाचा दहा किलो गूळ कमी?"

"अम्मा, मी अनंतांबद्दल बोलतेय."

"मी पण त्याच्याबद्दलच बोलतेय!"

डॉक्टर अनंताकडे वळल्या. "पुरुषांना हे बहुतेक लवकर जाणवतं. बायकांचं पाळी असेपर्यंत पुष्कळदा झाकून राहतं. ती गेली की उघडं पडतं." मग त्यांचं लक्ष दाराशी उभ्या वनजाकडे गेलं. "ह्या कोण?"

"ती होय? ती पिशव्या धरायला आलीय," शारदम्मा म्हणाल्या.

मी हळूच म्हटलं, "ह्यांची जुळी बहीण. पाळी जाऊन दोन वर्षं झाली."

भर सभेत काही भलतंच बोलून गेल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहू लागले. डॉक्टरांनी वनजाला स्टुलावर बसवलं. रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला. एकशे अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दंडाला गुंडाळला. एकशे ऐंशी.

"हिचं जन्माचं वजन?"

"तिला कोण तोलणार?" शारदम्मा म्हणाल्या. त्यात राग नव्हता, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. "आजपासून रोज घ्यायची. लघवीची तपासणी पण करून घ्या. एवढ्या रक्तदाबात झटका विचारून येत नाही."

घरी आल्यावर अनंताच्या गोळ्या आल्या. वनजाचा कागद मला तिसऱ्या दिवशी डाळीच्या डब्याखाली दिसला.

"अगं वनजे, हे काय?"

"अण्णाचं आधी मार्गी लागू दे ना, अक्का. आई नवसाच्या काळजीनं जेवत नाही."

मी जाऊन शारदम्मांपाशी बसले. त्या पदरानं डबी पुसत होत्या. म्हटलं, "शारदम्मा, नवस बोललात त्या दिवशी पाळण्यात दोन जीव होते. दोघांना एकाच पारड्यात बसवलं तर? अनंता उतरला तरी गूळ कमी होणार नाही."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग स्वयंपाकघराकडे मान वळवली. "भरेल किती ती?"

"चाळीस तरी भरेल."

"नागरत्ना, मग गूळ वाढतोच की गं!"

त्याच संध्याकाळी तो कागद डाळीच्या डब्याखालून निघाला आणि औषधाच्या दुकानात पोचला.

वाढदिवशी दोघं पारड्यात बसली. अनंता पथ्य पाळून चौऱ्याऐंशीवर आला होता, तरी पारडं त्याच्याकडे कललं आणि वनजा घसरत त्याच्या अंगावर गेली.

"जरा सरक गं!"

"कुठे सरकू, अण्णा? सगळीकडे तूच आहेस."

भटजी हसले. समोरच्या पारड्यात ढेपा चढत गेल्या. "सव्वाशे!" ते ओरडले. वनजाच्या वाट्याचे एक्केचाळीस निघाले. ती साखळी दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसली होती. भटजींनी उतरा म्हटलं तरी क्षणभर उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेची फुलं मागायला मी त्यांच्या मागच्या दारी गेले. शारदम्मा एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा लोटा घेऊन चुलीपाशी उभ्या होत्या.

"आधी ही घे. तुला काही झालं तर पुढच्या वर्षी एक्केचाळीस किलो कुठून आणू मी?"

"घेते गं, आधी अण्णाचा डोसा..."

"राहू दे डोसा." शारदम्मांनी पायानंच पाट पुढे सरकवला. "आणि बस. उभ्यानं पाणी पिऊ नये."