बर्फाचं गाणं

आमच्या नेपल्समध्ये प्रत्येक ऑपेरात एक गाणं न ऐकण्यासाठी असतं. ते दुय्यम गायिकेने म्हणायचं आणि लोकांनी तेवढ्यात लिंबाचा बर्फ खाऊन घ्यायचा. वीस वर्षं हे ‘बर्फाचं गाणं’ माझ्या वाट्याला होतं. एकाने जरी ऐकलं असेल तर शपथ!

त्या उन्हाळ्यात आमचे संगीतकार, मायस्त्रो गाउदेन्त्सियो, दुपारच्या झोपेतून उठले ते एक चाल घेऊनच. त्यांची लेक लेतीत्सिया तापाने गेली, त्याला वर्ष झालं होतं. स्वप्नात ती समुद्रात पाय सोडून बसली होती आणि गुणगुणत होती, एवढंच त्यांनी सांगितलं. ती चाल त्यांनी बर्फाच्या गाण्याला लावली.

“वेड लागलंय का तुम्हाला? तिथे कोण ऐकणार?” मी म्हणाले.

“म्हणूनच. तिच्या गाण्यावर कुणी हुर्यो करत शिट्टी मारली तर मला सोसायचं नाही. तूच गा, नुंत्सिया.”

मला ते गायचंच होतं. जन्मात एकदा तरी. पण आमच्याकडे मुख्य गायिकेला एखादी चाल आवडली की ती तिची, मग मायस्त्रोंचंही काही चालत नाही. आमच्या अमालियाला तर सगळंच आवडायचं. म्हणून तालमीत मी मुद्दाम बेसूर रेकले.

“अगं, मांजराच्या शेपटीवर पाय पडला की काय?” अमालिया खिदळली.

मायस्त्रो मान खाली घालून बसले. मला भडभडून आलं, पण मुद्दाम रेकले हे सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नसे.

पहिल्या प्रयोगाला मायस्त्रो रिवाजाप्रमाणे स्वतः वाद्यापाशी बसले. बर्फवाले फिरू लागले, चमचे वाजू लागले. मी डोळे मिटले आणि खरं गायले. सगळं थिएटर हळूहळू पाण्याखाली चाललंय असं वाटलं, माझाच आवाज कुठून तरी लांबून येत होता. टाळी एकही पडली नाही. पडद्याआड उभ्या अमालियाच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं होतं.

सकाळी तिने गाणं मागितलं. मायस्त्रो माझ्याकडे बघत राहिले.

“द्या,” मी म्हणाले. “लोकांना ऐकू दे.” आतून मात्र जळत होते, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी अमालिया गायली आणि बर्फवालेसुद्धा जागीच थांबले. लोक ढसाढसा रडले. मी तिची शाल सांभाळत पडद्याआड उभी होते.

नंतर सगळी गर्दी मायस्त्रोंना खांद्यावर घ्यायला धावली. ते त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले.

“छान गायली ती,” मी कसंबसं म्हणाले.

“छानच गायली,” त्यांनी माझा हात धरला. “पण लेतीत्सिया काल आली होती.”