बनियनवरचा हिरवा डाग

दलसुखची बनियन निळी झाली, याचं त्याच्या बायकोला, जसुबेनला कधीच काही वाटलं नव्हतं. अंकलेश्वरच्या रंगाच्या कारखान्यात तो निळ्या खात्यात भट्टीवर होता. त्याचं नाक निळं, कान निळे, उशीसुद्धा निळी. पण आज धुवायला घेतलेल्या बनियनवर तिला हिरवा डाग दिसला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

निळ्या खात्यातल्या माणसाने हिरव्या खात्यात पाऊल टाकायचं नाही, असा कारखान्याचा नियम. चिमूटभर निळा हिरव्यात गेला की अख्खा माल बाद, मग रंग विकत घेणारे शाईवाले आणि बादल्या बनवणारे बोंब मारतात. दोन्ही खात्यांतली माणसं डबेसुद्धा वेगवेगळी बसून खातात. आणि हिरव्या खात्यात गोण्या भरायला होती रंजन. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, आणि मेली दिसायला गोड. नळावर दलसुखने एकदा तिची बादली उचलून दिली होती, ते जसुबेनच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

बनियन तशीच घेऊन ती तरातरा नळावर गेली. रंजन कपडे धूत बसली होती.

"हा तुझ्या खात्यातला रंग! माझ्या माणसाच्या अंगावर कसा आला, बोल!"

रंजनने डाग निरखला आणि हसायला लागली. "थांबा हो भाभी." तिने डागावर साबण चोळला. हिरवा गेला, तांबडं उमटलं. "हळद आहे ही, साबण लागला की तांबडी होते! निळ्यावर पिवळं बसलं, म्हणून हिरवं दिसलं. आमचा हिरवा साबणाला भीक घालत नाही. लेप लावायचा तुम्ही आणि शिमगा माझ्या नावाने!"

"चुकलंच गं बेन," जसुबेन ओशाळून म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं, की घराकडे निघताना हसूच आलं.

लेप. गेल्या आठवड्यात दलसुखची पाठ धरली होती. त्याने हळदीची वाटी पुढे केली, तेव्हा ती फणकारली होती, "तुमचे हात मोडलेत का? तुम्हीच लावा." तो वाटी ठेवून कामाला गेला. त्यानंतर त्याचं कण्हणं थांबलं. नाटकंच होती मेली, असं तिला वाटलं होतं.

ती वाटेतच थांबली. ओली बनियन तिने झटकून उलगडली. डाग पाठीच्या अगदी मधोमध होता. तिथे माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही.