वामनरावांनी लिहिलेला पूर

वामनराव कंधारकरांनी आपल्या पुराच्या गोष्टीचं शेवटचं पान खाली ठेवलं आणि काचीगुड्याच्या वाचनमंडळातली झाडून सगळी शेरवानीवाली मंडळी नाकं पुसू लागली. बिलोलीकर वकील तर गदगदून म्हणाले, "वामनराव, काय भोगलंत हो!"

वामनरावांनी काहीच भोगलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी मुसी नदीला पूर आला तेव्हा ते गुलबर्ग्याला, सासुरवाडीत, नवरात्राचा पाहुणचार झोडत होते. भोगलं होतं ते मागच्या रांगेतल्या नरहरराव उदगीरकरांनी. अफजलगंजचं घर आणि पाच वर्षांची गोदू, दोन्ही त्यांनी एकाच सकाळी घालवली होती. पण नरहरराव पडले अदालतीतले तर्जुमानवीस. लोकांची मराठी गाऱ्हाणी उर्दूत उतरवण्यात हयात गेलेली. स्वतःच्या दुःखाला वाहवा कशी मिळवतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मुलगी माझी वाहून गेली," घरी येऊन जोडे काढता काढता ते म्हणाले, "आणि सांत्वनाला लोक त्यांच्या दारी! उद्या सुतकही तेच पाळतील."

गोदूची आई, वेणूबाई, तांदूळ निवडत होत्या. "चांगलं लिहिलंय म्हणे."

"म्हणे? तूच सांगितलंस ना? हिरवा परकर, पायातले वाळे, सगळं! माझ्यापाशी इतक्या वर्षांत चकार शब्द नाही."

"त्यांनी विचारलं. तुम्ही विचारलंत कधी?"

अदालतीत कुणी असं म्हटलं असतं तर नरहररावांनी निमूट तर्जुमा केला असता. इथे ते भडकले.

"येत्या शुक्रवारी चर्चा आहे. पूर पाहिलेला माणूस म्हणून मला बोलवलंय. भर सभेत सांगतो, ही गोष्ट साफ झूट आहे. म्हणे बाप माळवदावर पोरीचा हात घट्ट धरून होता! कुठला हात? मी तर..."

त्या सकाळी त्यांच्या दोन्ही हातांत अदालतीतून घरी आणलेला खटल्यांच्या मिसलींचा बस्ता होता. सरकारी कागद भिजले तर नोकरी जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. गोदू त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती. बस्ता कोरडा राहिला. साहेबांनी शाबासकीसुद्धा दिली.

वामनरावांबद्दलचा जळफळाट एकाएकी ओसरला. आता हेवा वाटत होता तो गोष्टीतल्या त्या बापाचा.

"हात मीच सांगितला," सुपावरची नजर न काढता वेणूबाई म्हणाल्या. "वामनराव म्हणाले, वहिनी, वडील काय करत होते तेव्हा? म्हटलं, हात धरून होते."

"तू तर शेजारच्या माळवदावर होतीस."

"हौ. तिथून सगळं दिसत होतं."

शुक्रवारी वकिलांनी चर्चेला तोंड फोडलं. "नरहरराव, तुम्ही तर डोळ्यांनी पाहिलंय. यात काही कमीजास्त?"

वामनराव उगाचच उपरणं सारखं करू लागले. नरहरराव उठले. घसा खाकरला.

"पाणी वाड्याच्या पुढून आलं असं लिहिलंय. ते मागून आलं."

"आणि बाकी?"

"बाकी बरोबर आहे."

टाळ्या पडल्या. कुणीतरी वामनरावांसाठी झेंडूचा हार घेऊन रांगेतून पुढे निघालं. त्याला वाट मिळावी म्हणून नरहररावांनी पाय आखडून घेतले.