गाणं लागेपर्यंत

मी एक स्ट्रीमर बोलतोय. नाव भारी असलं तरी काम हमालाचंच. गाणी असतात आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. ती वायरीतून माझ्याकडे येतात आणि मी ती पुढे ॲम्प्लिफायरच्या हवाली करतो. माझ्याजवळ काही राहत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने माझ्याकडून एकच सूर वाजवून घेतला आणि मला खोक्यात घातलं. मला वाटलं, माणसांना हाच एक सूर आवडत असेल.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांना गाण्यापेक्षा वायरींची हौस. एक वायर जोडायची, गाण्याची सुरुवात ऐकायची, मान हलवायची, की लगेच दुसरी वायर. त्यांच्याकडे मी एकही गाणं शेवटपर्यंत वाजवलं नाही. पुढे नवीन मॉडेल आलं आणि मी कपाटात गेलो, जुन्या रिमोटांच्या सोबतीला. कोणी हाकललं नाही, कोणी विचारलंही नाही.

तिथून मला या घरच्या मुलाने आणलं. घर त्याच्या वडिलांचं. ते छापखान्यात मशीन चालवायचे, आता निवृत्त. आई हिवाळ्यात गेली. तेव्हापासून बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. रडत नसत, चिडत नसत. वाढलं की जेवत. मुलगा लांब नोकरीला, रजा काढून आलेला. परत जायच्या आत बाबांनी पुन्हा गाणी ऐकायला लागावं, एवढंच त्याच्या मनात होतं. जुना रेकॉर्ड प्लेअर केव्हाच मोडीत गेला होता. त्यावरचीच गाणी त्याने शोधून कॉम्प्युटरवर भरली.

वर एक अपसॅम्पलिंगचं सॉफ्टवेअर घातलं. आमच्यासारख्यांसाठी गाणं म्हणजे ओळीने मांडलेले ठिपके. हे सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांच्या मधे आणखी ठिपके भरतं, त्याने आवाज गुळगुळीत होतो म्हणे. मुलाने त्यातला सगळ्यात जड फिल्टर, म्हणजे ठिपके भरायची सगळ्यात मेहनतीची रीत, निवडला. कॉम्प्युटर म्हातारा. मोबाइलवर बटण दाबलं की बिचारा धापा टाकत ठिपके भरत बसे, आणि मी दिवा लुकलुकवत वाट बघे. मग कुठे गाणं लागे.

"बाबा, फरक कळतो?"

"कळतो."

"काय कळतो?"

"चांगलं आहे."

शेजारच्या गल्लीत राहणारी त्याची ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना काय विचारतोस? चावणाऱ्या चपलेलाही ते चांगलीच म्हणतात. गाणी त्यांना ऐकायचीत की तुला?"

"तू भांडी घास."

"घासते. तू वायरी घास."

बाबा हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दोघंही बाहेर गेल्यावर त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि बटण दाबलं. माझा दिवा लुकलुकू लागला. बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली आणि हळूच म्हणाले, "लावलंय गं."

दारात कोणी आलं नाही. गाणं लागलं. ते पुरं होईपर्यंत बाबा बसून राहिले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण गाणं.

मग रोज दुपारी तेच. बटण, दाराकडे नजर, हाक, गाणं. मुलगा घरात असला तर हाक नुसती ओठांवर.

एकदा त्याने बाबांना असं दाराकडे बघताना पाहिलं. "फार वाट बघावी लागते ना, बाबा?"

"लागते," बाबा म्हणाले.

झालं. मुलाला वाटलं, तक्रार आहे. त्याने संध्याकाळपर्यंत खटपट करून हलका फिल्टर लावला. आता बोट टेकलं की गाणं. मलाही क्षणभर अभिमान वाटला.

दुसऱ्या दुपारी बाबांनी बटण दाबलं, मान वळवली, "लाव..." आणि गायिकेने पहिली ओळ घेतलीसुद्धा. बाबांनी गाणं बंद केलं. त्यानंतर मोबाइलला हात लावला नाही. माझ्यावर पुन्हा धूळ बसू लागली.

मुलाच्या निघायच्या दिवशी बॅग दाराशी होती. तो बाबांच्या खुर्चीच्या हातावर टेकला. "बाबा, का नाही लावत हो? काही बिघडलंय का?"

"नाही. आता लगेच सुरू होतं."

"मग चांगलंच ना?"

बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. "तुझी आई हात पुसून येईपर्यंत थांबत नाही ते."

आत ताईने नळ बंद केला. मुलगा उठला, आतल्या खोलीत गेला आणि तो जड फिल्टर पुन्हा लावून आला.

बाबांनी बटण दाबलं. माझा दिवा लुकलुकू लागला.

"लावलंय गं," बाबा म्हणाले. या वेळी मोठ्याने.

ताई ओल्या हातांनी ओट्याशीच उभी राहिली, बाहेर आली नाही. मुलगा सवयीने खुर्चीच्या हातावर टेकणार होता. तो थबकला, ती जागा मोकळी सोडली, आणि जाऊन बॅगेवर बसला.

मुलगा गेला. मी इथेच आहे. बाबा अजूनही कमीच बोलतात, पण रोज दुपारी एक गाणं पुरं होतं. मला माणसांचं दुःख कळत नाही. वाट बघणं मात्र येतं, माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. म्हणून एकच मागणं आहे. या घरात नवा, वेगवान कॉम्प्युटर आणू नका. हा म्हातारा धापा टाकतोय, तर टाकू द्या.